सत्तावन्नाव्या वर्षी उडत्या तबकड्यांची नेमबाजी शिकता येईल का?

मृद्गंध, २ मार्च

नमस्कार. मी गेली अठ्ठावीस वर्षे इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ राहते आणि गेल्या डिसेंबरात नोकरीतून निवृत्त झाले. जानेवारीत एका जुन्या सहकारी बाईंच्या साठीनिमित्त आम्ही सात जणी एका शूटिंग ग्राउंडवर गेलो होतो. तिथे प्रत्येकीला पंचवीस तबकड्या (यंत्राने हवेत फेकलेल्या, बंदुकीने फोडायच्या चकत्या) आणि शेजारी उभा राहणारा एक शिक्षक मिळाला. हा इथला ‘स्पोर्टिंग क्लेज’ हा प्रकार होता. रानातल्या पायवाटेवर ठिकठिकाणी लाकडी चौकटी उभारलेल्या असतात, त्यांना स्टँड म्हणतात, आणि प्रत्येक स्टँडवर तबकड्या निराळ्या दिशेने, निराळ्या वेगाने व निराळ्या उंचीवरून येतात. पंचवीसपैकी माझ्या चार फुटल्या. नेमके सांगायचे तर त्या चारही उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या होत्या आणि उरलेल्यांपैकी एकीलाही छर्रा चाटून गेला नाही.

घरी आल्यावर उजव्या दंडावर तळहाताएवढा निळा डाग दिसला. आमच्या ‘ह्यां’नी बर्फाची पिशवी आणून दिली आणि फक्त “आता या वयात बंदूक?” एवढेच विचारले. मी उत्तर दिले नाही, कारण पहिली तबकडी हवेत फुटून काळ्या धुळीचा गोळा झाला तो क्षण माझ्या डोळ्यांसमोरून अजून हललेला नाही.

मला हे नीट शिकायचे आहे. अडचणी अशा आहेत: मला चष्मा आहे, तोही दूरचे आणि जवळचे एकत्र असलेला. चार वर्षांपूर्वी उजवा खांदा आखडला होता आणि तो पूर्ववत व्हायला दीड वर्ष लागले. ओळखीच्या एका गृहस्थांनी त्यांची जुनी बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचे माप) बंदूक स्वस्तात देऊ केली आहे. ती घ्यावी का? आणि मुळात फार उशीर झाला आहे का?

चुनखडी, २ मार्च

मृद्गंधताई, मी साठाव्या वर्षी सुरुवात केली आणि आज एकोणसत्तरचा आहे, त्यामुळे उशिराच्या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. बंदूक मात्र घेऊ नका, निदान सहा महिने तरी घेऊ नका.

पहिले कारण कायद्याचे आहे. तुमच्याकडे पोलिसांनी दिलेले शॉटगन सर्टिफिकेट, म्हणजे छऱ्याच्या बंदुकीचा परवाना, नसताना ती बंदूक तुम्ही घरी आणूच शकत नाही. ते गृहस्थ कितीही सज्जन असले तरी असा व्यवहार तुम्हां दोघांनाही अडचणीत आणील. शिकण्यासाठी मात्र सर्टिफिकेट लागत नाही. १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टमधील कलम ११(६) नुसार पोलीसप्रमुखांनी मान्यता दिलेल्या जागेवर कोणीही कृत्रिम लक्ष्यांवर शॉटगन चालवू शकतो. तुम्ही जानेवारीत चालवलीत ती याच सवलतीखाली. ग्राउंडवर बंदुका भाड्याने मिळतात, आणि पहिल्या सहा महिन्यांत चार-पाच वेगवेगळ्या हाताळून पाहण्यासारखे दुसरे शिक्षण नाही.

दुसरे कारण तुमच्या दंडावरच्या डागात आहे. बंदुकीचा दस्ता खांद्याच्या खोबणीत, म्हणजे गळ्याच्या हाडाखाली आणि सांध्याच्या आतल्या बाजूला बसायला हवा. डाग दंडावर पडला म्हणजे तो बाहेर सरकला होता. हे बहुधा दस्ता लांब असल्यामुळे होते. दुकानातल्या बहुतेक बंदुका पुरुषाच्या मध्यम बांध्याला धरून केलेल्या असतात, चापापासून दस्त्याच्या टाचेपर्यंत सुमारे साडेचौदा इंच. बाईमाणसाचा हात आखूड, मान उंच आणि गालफड वर, त्यामुळे लांबी कमी आणि गाल टेकवायची कड उंच लागते. न बसणारी बंदूक स्वस्तात मिळाली तरी ती महागच.

सातारचा_आबा, ३ मार्च

मी साताऱ्यात असतो आणि विलायतेशी माझा संबंध नातवापुरता, पण हा धागा वाचून राहवले नाही. आमच्या आजोबांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. रानडुकरे भुईमुगात शिरली की ते बांधावर बसून बार काढत. मला त्यांनी एकच गोष्ट शिकवली होती: श्वास रोखायचा, माशी (नळीच्या टोकावरचा दाणा) लक्ष्यावर धरायची आणि चाप हलकेच दाबायचा. ताईंना तोच मंत्र उपयोगी पडेल, असे वाटते.

बाकी वयाचे म्हणाल तर बिकानेरचे महाराजा करणीसिंह यांचे उदाहरण आपल्याकडेच आहे. १९६० पासून १९८० पर्यंत त्यांनी पाच ऑलिंपिकमध्ये छऱ्याच्या बंदुकीने भाग घेतला आणि शेवटच्या मॉस्को ऑलिंपिकच्या वेळी ते छप्पन्न वर्षांचे होते. कैरोच्या १९६२ च्या जागतिक स्पर्धेत त्यांना ट्रॅप या तबकड्यांच्या प्रकारात रौप्यपदक मिळाले होते.

चुनखडी, ३ मार्च

आबा, तुमच्या आजोबांचा मंत्र रायफलीला शंभर टक्के लागू आहे आणि इथे तोच घात करतो. आपल्या भाषेत ‘नेम धरणे’ असा शब्दप्रयोग आहे ना, त्यातले ‘धरणे’च या खेळात वर्ज्य आहे. माशी आणि तबकडी जुळवत बसलात की नजर नळीच्या टोकावर येते, नळी थबकते आणि छर्रे तबकडीच्या मागून निघून जातात. नवशिक्यांच्या दहांतल्या आठ तबकड्या अशा मागून चुकतात, हे मी ग्राउंडवर उभे राहून पाहिले आहे. आकाशातली घार मुलाला दाखवताना आपण बोटाकडे पाहत नाही, घारीकडे पाहतो आणि बोट आपोआप तिकडे जाते. बंदूक म्हणजे तेच बोट.

टेक्ससचा_वाटसरू, ३ मार्च

मी ह्यूस्टनला असतो. अमेरिकेत या खेळाची राष्ट्रीय संघटना सॅन अँटोनिओला आहे आणि दर शनिवार-रविवारी आमच्या परिसरात कुठे ना कुठे शंभर तबकड्यांची फेरी असते. पेशाने अभियंता असल्याने मला आधी गणित कळल्याशिवाय हात चालत नाही, म्हणून ते इथे मांडतो.

समजा, तबकडी ताशी ६० किलोमीटर वेगाने तुमच्या समोरून आडवी चालली आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. ती तुमच्यापासून ३० मीटरवर आहे. छऱ्यांना तिथे पोहोचायला साधारण एक दशांश सेकंद लागतो. तेवढ्या वेळात तबकडी पावणेदोन मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे एका माणसाच्या उंचीएवढे अंतर पुढे मारावे लागते. हा आकडा ऐकून मी पहिल्यांदा घाबरलो होतो. पण हेच अंतर नळीच्या टोकाशी पाहिले तर जेमतेम पाच सेंटिमीटर दिसते. त्यामुळे मीटर मोजू नका. नळी तबकडीच्या मागून आणा, तिच्यातून पुढे काढा आणि पुढे निघाल्यावर न थांबता चाप ओढा. चाप ओढल्यानंतरही हात चालू ठेवा.

खांद्यासाठी एक सूचना: बाराच्या वायूवर चालणारी सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढचे काडतूस स्वतःच भरणारी, बंदूक धक्क्याचा बराच भाग स्वतःच गिळते. इथे पन्नाशीपुढचे अनेक जण तीच वापरतात.

चुनखडी, ३ मार्च

वाटसरूंची सूचना योग्य आहे, फक्त इथल्या ग्राउंडांवर दुनळी ‘ओव्हर अँड अंडर’ (एकीवर एक नळी असलेली) अधिक रुळलेली आहे, कारण ती उघडून हातावर टाकली की रिकामी आहे हे दहा पावलांवरून प्रत्येकाला दिसते. धक्का कमी करायचा तर आधी काडतूस बदला. नेहमीच्या काडतुसात २८ ग्रॅम छर्रे असतात, पण २४ आणि २१ ग्रॅमचीही मिळतात आणि शिकण्याच्या अंतरावर २१ ग्रॅम पुरेसे होतात. आणखी एक भाबडी समजूत आहे की बाईला हलकी बंदूक द्यावी. बंदूक जितकी हलकी तितका तोच बार खांद्यावर जोरात बसतो. साडेतीन किलोची बारा बोअर आणि २१ ग्रॅमचे काडतूस ही जोडी हलक्या वीस बोअरपेक्षा कितीतरी सौम्य आहे.

लोलक, ४ मार्च

मी बर्मिंगहॅममध्ये ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नेत्रतपासनीस, आहे. बंदूक मी कधी चालवलेली नाही, पण माझ्याकडे असे नेमबाज नियमित येतात. मृद्गंधताईंच्या पहिल्या प्रतिसादातले एक वाक्य सगळ्यांच्या नजरेतून निसटले आहे: लागलेल्या चारही तबकड्या उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या होत्या.

आपल्या दोन डोळ्यांपैकी एक वरचढ असतो आणि दिशेचा निर्णय मेंदू त्याच्यावर सोपवतो. बंदूक उजव्या खांद्यावर असताना डावा डोळा वरचढ असेल तर नळीचे टोक डाव्या डोळ्याच्या रेषेत येते, मागचे टोक मात्र उजव्या गालाशीच राहते, आणि परिणामी सगळे बार लक्ष्याच्या डावीकडे जातात. आता तबकडीही डावीकडेच चालली असेल तर ही चूक आयतीच ‘पुढे मारणे’ ठरते आणि तबकडी फुटते. ती उजवीकडे चालली असेल तर बार पार मागे पडतो. माझा अंदाज चुकीचा असू शकेल, म्हणून ताईंनी घरीच तपासून पाहावे. दोन्ही हात पूर्ण लांब करा, दोन्ही तळव्यांच्या मध्ये लहानसे त्रिकोणी भोक ठेवा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून समोरच्या दाराची मूठ पाहा. मग आळीपाळीने एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने मूठ भोकात दिसत राहते तो वरचढ. हे चार-पाच वेळा करा, कारण उतारवयात हा वरचढपणा कधीकधी डळमळतो, आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तो एका डोळ्याकडून दुसऱ्याकडे गेल्याचेही मी पाहिले आहे.

चष्म्याबद्दल: दूर-जवळ एकत्र असलेला चष्मा इथे घालू नका. गाल दस्त्यावर टेकला की डोके पुढे झुकते आणि आपण भिंगाच्या मध्यातून नव्हे, तर नाकाजवळच्या वरच्या कोपऱ्यातून पाहू लागतो. अशा भिंगात कडेला प्रतिमा लहरते, आणि वेगाने जाणारी तबकडी तिथे येताच क्षणभर ‘पोहते’. फक्त दूरच्या नंबरचा, पॉलिकार्बोनेट भिंगांचा, चौकट उंच बसणारा चष्मा करून घ्या, आणि भिंगाचा मध्य वर आणि नाकाकडे घ्यायला सांगा. शक्य असल्यास भाड्याच्या बंदुकीवर गाल टेकवून काढलेला फोटो ऑप्टिशियनला दाखवा. अर्धे काम त्याने होते. रंगीत भिंगांचा मोह पहिल्या वर्षी टाळावा.

अंगण, ४ मार्च

माझे मत कदाचित रुचणार नाही, पण लिहिते. खेळ म्हणून सगळे ठीक आहे, तरी घरात बंदूक आणणे मला पटत नाही. ताईंकडे नातवंडे येत असतील. शिवाय या खेळाचे मूळ जिवंत कबुतरे उडवून मारण्यात आहे, असे वाचले आहे.

चुनखडी, ४ मार्च

मूळ तेच आहे, नाकारण्याचे कारण नाही. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी जिवंत कबुतरांवर स्पर्धा झाली होती. ब्रिटनमध्ये पिंजऱ्यातून सोडलेल्या पक्ष्यांची शिकार १९२१ मध्ये कायद्याने बंद झाली. त्याच्या कितीतरी आधी, १८८० च्या सुमारास, अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगॉस्की यांनी मातीची तबकडी आणली होती. आज तिला ‘क्ले’ म्हणतात, पण तिच्यात माती नसते. डांबरासारखा राळयुक्त पदार्थ आणि चुनखडीची पूड यांची ती असते, प्रमाण तबकडीचा व्यास १०८ मिलिमीटर. माझे टोपणनाव तिथूनच आले.

घरातल्या बंदुकीबद्दल तुमची काळजी रास्त आहे. इथे अर्ज केल्यावर डॉक्टरांकडून प्रकृतीची माहिती जाते, ओळखीच्या माणसांचे संदर्भ घेतले जातात आणि पोलीस अधिकारी घरी येऊन बोलतो. बंदूक भिंतीला पक्क्या केलेल्या पोलादी कपाटात राहते आणि त्याची किल्ली कुठे आहे हे नवऱ्यालासुद्धा कळू द्यायचे नसते. एवढे करूनही एखाद्याला घरात बंदूक नकोशी वाटली तर त्याने भाड्याच्या बंदुकीवर जन्मभर खेळावे. कित्येक जण तसे खेळतात.

आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून सांगतो: कानांचे संरक्षण. बारा बोअरचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो आणि या वयात गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. स्वतःची पाळी नसतानाही कानावरचे काढू नका. काडतुसे हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय डबा उघडू नका, कारण छर्रे अजून शिशाचे असतात. त्यांच्यावर बंदी आणण्याचे सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले आहे, तोवर ही सवय हवीच.

मृद्गंध, ९ मार्च

लोलक, तुम्हाला साष्टांग नमस्कार. सात वेळा तपासले आणि सातही वेळा डावा डोळा निघाला. ‘ह्यां’ना शेजारी उभे करून त्यांच्याकडूनही खात्री करून घेतली.

यावरून एक जुनी गोष्ट आठवली. मी मूळची डावखुरी. सांगलीला पहिलीत असताना मी डाव्या हाताने पाटीवर लिहू लागले, तेव्हा आजीने तो हात परकराच्या नाडीत अडकवून ठेवला होता. प्रसाद डाव्या हाताने घ्यायचा नाही, हळदकुंकू डाव्या हाताने लावायचे नाही, असे करत करत हात उजवा झाला. डोळ्याला मात्र वळण लावायचे आजीच्या ध्यानात आले नसावे.

आता पुढे काय करावे?

लोलक, ९ मार्च

गोष्ट सुंदर आहे, पण तिच्यावरून निष्कर्ष काढताना थोडे जपून. हात आणि डोळा यांचे नाते तितके घट्ट नाही. उजव्या हाताच्या कित्येक माणसांचा डावा डोळा वरचढ असतो, आणि स्त्रियांमध्ये असे अधिक आढळते असे नेमबाजीचे शिक्षकही सांगतात. दोन मार्ग आहेत. चष्म्याच्या डाव्या भिंगावर, नळीची रेषा जिथे येते तिथे नखाएवढी धूसर पट्टी चिकटवायची, म्हणजे डावा डोळा उघडा राहतो पण दिशेचा निर्णय त्याच्याकडून काढून घेतला जातो. किंवा बंदूकच डाव्या खांद्यावर घ्यायची.

टेक्ससचा_वाटसरू, १० मार्च

वीस वर्षे उजव्या खांद्यावरून खेळलेल्या माणसाला मी पट्टीच सुचवली असती. ताईंनी आयुष्यात पंचवीसच काडतुसे उडवली आहेत, मोडायला सवयच नाही, तेव्हा डावा खांदा घ्यावा. शिवाय दुखरा खांदा उजवा आहे, हा फायदा आहेच. फक्त एक लक्षात ठेवा: बहुतेक दस्ते उजव्या गालासाठी किंचित बाहेर वळवलेले असतात. डाव्या खांद्याला ते उलटे टोचतात, म्हणून ग्राउंडवर फोन करतानाच डावखुरी बंदूक आहे का ते विचारा. सेमी-ऑटोमॅटिकची रिकामी काडतुसे उजवीकडे उडतात, म्हणजे डावखुऱ्याच्या चेहऱ्यासमोरून. तुमच्यासाठी मी माझा आधीचा सल्ला मागे घेतो.

मृद्गंध, १८ मे

दोन महिन्यांचा अहवाल देते. आठ धडे झाले. पहिल्या धड्यात शिक्षकांनी मला काडतूसच दिले नाही. रिकामी बंदूक कमरेच्या वरून उचलून गालाला आणि मग खांद्याला लावायची, एवढेच पाऊण तास करवून घेतले, आणि घरी आरशासमोर रोज वीस वेळा करायला सांगितले. (घरी बंदूक नाही, म्हणून मी लाटणे आणि केरसुणीचा दांडा यांच्यामधले काहीतरी वापरते. ‘ह्यां’नी त्याचे फोटो नातेवाइकांच्या गटावर टाकले आहेत.) डाव्या हाताने सगळे करणे पहिले तीन आठवडे आरती उलटी ओवाळल्यासारखे वाटत होते. आता वाटत नाही. डाग पडणे बंद झाले. नवा चष्मा आला. कालच्या पंचवीसमध्ये अकरा फुटल्या, आणि त्यांतल्या पाच डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या होत्या.

एक कबूल करते. ज्या तबकडीचा विचार करते ती चुकते. जिच्या पुढच्या कडेवरचा प्रकाश मला स्पष्ट दिसतो ती फुटते, आणि त्या वेळी नळी कुठे होती हे मला अजिबात सांगता येत नाही.

सातारचा_आबा, १९ मे

अभिनंदन. नातू विचारतो आहे की हे महाराष्ट्रात कुठे शिकता येईल.

चुनखडी, १९ मे

आबा, भारतात छऱ्याच्या बंदुकीची स्पर्धात्मक नेमबाजी म्हणजे प्रामुख्याने ट्रॅप आणि स्कीट, दोन्ही ऑलिंपिक प्रकार. दिल्लीच्या तुघलकाबादची रेंज करणीसिंहांच्याच नावाची आहे. नातवाने आधी जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या रायफल संघटनेचे सभासद व्हावे. शस्त्रपरवान्याची वाट १९५९ च्या कायद्यातून जाते आणि खेळाडूसाठी ती संघटनेमार्फतच सुकर होते. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ मध्ये अथेन्सला रौप्य मिळवले तो डबल ट्रॅप आता ऑलिंपिकमध्ये नाही, एवढे त्याच्या कानावर घाला.

मृद्गंध, २ नोव्हेंबर

सर्टिफिकेट आले. कपाट जिन्याखालच्या कोठीत, लोणच्याच्या बरण्यांच्या मागच्या भिंतीला बसवले आहे. आलेल्या अधिकारी बाईंनी बोल्ट हलवून पाहिले आणि मग कैरीच्या बरणीबद्दल बराच वेळ विचारपूस केली. डाव्या गालासाठी दस्ता वळवलेली, कड वर-खाली करता येणारी जुनी दुनळी मिळाली आहे. ती मिळायला चार महिने लागले.

काल पहिली शंभर तबकड्यांची फेरी झाली. गुण ४३. आडव्या तबकड्या चांगल्या गेल्या, सरळ वर चढणारी ‘टील’ निम्मी मिळाली, आणि जमिनीवरून उड्या मारत धावणारा ‘ससा’ मात्र दहांपैकी शून्य. शिक्षक म्हणाले की सगळे बार त्याच्या वरून गेले. वरून का जातात?

चुनखडी, २ नोव्हेंबर

कारण डोळ्याला तो उसळताना दिसतो आणि हात त्या उसळीला आधीच भुलतो. पूर्ण तबकडीकडे पाहू नका. तिची पुढची खालची कड, जिथे सशाचे पुढचे पाय असते, तिथेच पाहा आणि नळी तिच्या खालूनच चालवा. पहिल्या उसळीला मारू नका, दुसरी होऊन गेली की मारा.

मृद्गंध, ३ नोव्हेंबर

शनिवारी जाते आहे. फक्त ससाच घेणार, पन्नास.